शुक्रवारी हजर होतो म्हणणारा आरोपी

निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, पण त्या प्रकरणातली एक कापडी पिशवी आजही माझ्या नजरेसमोरून हललेली नाही. शुक्रवारी सकाळी सव्वादहाला एक म्हातारे गृहस्थ ती घेऊन आमच्या ठाण्यात आले. हजेरी आटोपून सगळे कामाला लागले होते. गृहस्थांनी पिशवी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवली आणि आतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. दोन धोतरे, टॉवेल, तांब्या, भस्माची डबी, शुगरच्या गोळ्या आणि प्लास्टिकच्या फाइलीत नीट लावलेले डॉक्टरांचे कागद. मग ते म्हणाले, "ती वड्याकडची मारामारी हाय न्हवं, ती मीच केली. आत घ्या मला."

अंमलदाराने त्यांना माझ्यापुढे आणले. मी बसायला सांगितले, पाणी दिले. ते बसले आणि न विचारता सांगू लागले.

"वय एकाहत्तर. शुगर हाय, बीपी हाय. जन्मात एकबी केस न्हाय. आन आपणहून हजर झालोय. तेवढं लिवा."

"लिहितो. पण मारलं कसं, ते आधी सांगा."

"ते सांगतो की. आधी हे लिवा."

तपासात मला याद्या करायची सवय. समोरचा माणूस यादी पाठ करून आला असेल तर ते मला लगेच कळते. यांनी चार मुद्दे पाठ केले होते आणि चारही मुद्दे शिक्षा कमी करणारे होते. पण त्या सकाळी मी त्याचा फार विचार केला नाही. चार दिवस डोक्यावर असलेला गुन्हा आपल्या पायांनी चालत आला होता, आणि मी अटकेचा फॉर्म पुढे ओढला.

आता थोडे मागचे सांगतो. नावे सांगणार नाही. त्या गृहस्थांना आमचे हवालदार पहिल्या दिवसापासून अज्जा, म्हणजे कानडीत आजोबा, म्हणत, मीही तेच म्हणतो.

दक्षिण सोलापूर तालुक्यात, मंद्रूपच्या पुढे एक लहान गाव आहे. गावात महादेवाचे देऊळ आहे आणि देवळाची सेवा एकाच आडनावाच्या दोन घरांकडे आहे. एक घर अज्जांचे, दुसरे त्यांच्या चुलतभावाच्या मुलाचे. या मुलाचे वय पंचेचाळीसच्या आसपास. सोमवारी दुपारी तो ओढ्यापलीकडच्या आपल्या विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि तिथे त्याच्या डोक्यात कुणीतरी लोखंडी वस्तू घातली. साडेतीनच्या सुमारास एक जण त्याला मालवाहू रिक्षातून सोलापूरच्या दवाखान्यात घेऊन आला. कवटीला भेग होती, डाव्या कानातून रक्त येत होते. जखमी बेशुद्ध होता आणि पुढचे पाच दिवस तसाच राहिला.

त्याच्या बायकोने फिर्याद दिली. मारणारा कोण हे तिने पाहिले नव्हते, पण संशय तिने स्पष्ट सांगितला. अज्जांना आता नीट दिसत नाही, देवळातला दिवा विझला तरी त्यांना कळत नाही, तेव्हा त्यांची सेवा आमच्याकडे द्या, अशी मागणी तिच्या नवऱ्याने दोन दिवसांपूर्वी गावाच्या बैठकीत केली होती. तिथे शब्दाला शब्द वाढला होता. "त्या घरातलाच कुणीतरी हाय," ती म्हणाली. "दबा धरून बसला आसंल. खुनाचा प्रयत्न लिवा साहेब, कमी काय लिवू नका." त्या वेळी जुनी दंडसंहिता लागू होती. खुनाच्या प्रयत्नाचे कलम मी लावले, कारण जखम तशीच होती.

घटनास्थळाचा पंचनामा झाला. रक्त सापडले, हत्यार सापडले नाही. पाहणारा कुणी नाही.

मंगळवारी दुपारी पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, मानूस हजर हुतोय."

"कोण?"

"ते तो आल्यावर सांगंल. शुक्रवारी यील तो."

"शुक्रवारी का? लग्नाचा मुहूर्त आहे का?"

"कुटं पळून जात न्हाय साहेब तो. पण शुक्रवारच्या आदी येनार न्हाय."

मी चिडलो. आरोपीने तारीख द्यायची आणि पोलिसांनी थांबायचे, हे मी नोकरीत कधी ऐकले नव्हते. बुधवारी मी हवालदारांना गावात पाठवले. ते परत येऊन म्हणाले, घरात सगळे आहेत, कुणी पळालेले नाही, कुणी बोलतही नाही. एवढी माहिती मात्र मिळाली की मंगळवारी सकाळी त्या घरात दार लावून बराच वेळ बैठक झाली आणि तिला एक पाहुणे होते, जे पूर्वी कोर्टात शिपाई होते. वहीत मी तीन प्रश्न लिहिले. हत्यार कुठे आहे? जखमीला दवाखान्यात कुणी नेले? आणि शुक्रवारच का? पहिल्या दोन प्रश्नांवर माणसे लावली. तिसरा नुसता लिहून ठेवला.

दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये आणणाऱ्याचे नाव होते, पुढे 'वाटसरू' असे लिहिले होते. त्या नावाचा माणूस आसपासच्या कुठल्याच गावात नव्हता.

तर अशा स्थितीत शुक्रवारी अज्जा समोर बसले होते आणि मी फॉर्म भरत होतो.

"सोमवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"हिरीवर गेलतो. वड्याच्या पल्याड. त्यो मला वाकडं बोलला, मी पाना घिऊन हानला. एकदाच."

"पाना कुठे आहे?"

"हिरीत टाकला."

हत्यार लोखंडी होते आणि ते सापडलेले नाही, हे आम्ही ठाण्याबाहेर कुणाला सांगितले नव्हते, तेव्हा हे खरे असणार. मी समाधानाने लिहीत होतो. आमचे हवालदार दाराशी उभे होते. ते मैंदर्गीकडचे, घरात कानडी बोलणारे, आणि त्यांच्या आजोळी देवळाचीच सेवा होती. अज्जांच्या पायांकडे ते बराच वेळ पाहत होते. टाचा फुटलेल्या, पायांना धुळीचे थर. गाल मात्र गुळगुळीत होते, त्याच सकाळी वस्तरा फिरवलेला असावा.

"अज्जा, पाळी कवा संपली तुमची?" त्यांनी सहज विचारले.

"काल. आमुशाला."

"म्हंजी सोमवारी तुमी पाळीवर होता."

हवालदार माझ्याकडे वळले. "साहेब, हितं देवळाच्या सेवंची महिन्याची पाळी आसती. एका आमुशापास्नं दुसऱ्या आमुशापातूर. पाळीवरचा मानूस चप्पल घालत न्हाय, दाढी करत न्हाय, एक वेळ जेवतो आन गावाची शीव वलांडत न्हाय. त्यांच्या गावची शीव वडा हाय."

मी पेन खाली ठेवले. विहीर ओढ्यापलीकडे होती. शुक्रवार का, हेही त्याच क्षणी कळले. ठाण्यात यायलाही शीव ओलांडावी लागणार होती, म्हणून अज्जा अमावस्या होईपर्यंत थांबले होते. अटक व्हायला जो माणूस शीव ओलांडत नाही, तो कुणाला मारायला ओलांडेल का?

"अज्जा," हवालदारांनी विचारले, "मग सोमवारी तुमी पाळी मोडली?"

माझ्या नोकरीत मी बरीच माणसे खोटे बोलताना पाहिली. प्रत्येकाचे एक ठिकाण असते, जिथे त्याची जीभ वळत नाही. अज्जा स्वतःवर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप घ्यायला तयार होते, तुरुंगाची पिशवी भरून आले होते. पण या एका प्रश्नाला त्यांना 'व्हय' म्हणता येईना. मान खाली घालून ते बसून राहिले. मी चहा मागवला. त्यांनी तो घेतला नाही.

शेवटी म्हणाले, "एकावन्न वर्सं करतोय. एकदाबी मोडली न्हाय." आणि पुढे, "त्येच्या बायकूनं इचारलं तर मी मारलं म्हनून सांगा साहेब. पन पाळी मोडली आसं लिवू नका."

फॉर्म मी बाजूला ठेवला. खोटी माहिती देणे हाही गुन्हाच आहे, हे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी मान हलवली, पण पुढे कुणाचेही नाव घेतले नाही.

नाव दवाखान्यातूनच मिळाले. सोमवारी जखमीला तातडीने रक्त द्यावे लागले होते. ज्याने आणले त्यानेच रक्त दिले होते. भरती करताना कुणी ओळखपत्र विचारत नाही, रक्त घेताना मात्र विचारतात. पहिल्या रजिस्टरमध्ये वाटसरूचे खोटे नाव होते, रक्तपेढीच्या दुसऱ्यात खरे. अज्जांचा पुतण्या, वय बत्तीस, एका शाळेत कारकून. अज्जांना मूलबाळ नाही. त्यांनीच त्याला लहानाचे मोठे केले होते.

शनिवारी तो शाळा सुटल्यावर स्वतःच आला. मी काही विचारण्याआधी त्याने अज्जा कुठे आहेत ते विचारले.

"काल संध्याकाळीच घरी पाठवलं. आता तू सांग."

त्याने सांगितले. सोमवारी रजा काढून तो शेताकडे निघाला होता, वाटेत विहिरीवर हा भाऊबंद भेटला. बैठकीत असे का बोललास, म्हणून जाब विचारला. भाऊबंद हसला आणि म्हणाला, म्हाताऱ्याला वात दिसत नाही, देव काय दिसणार. मोटारीजवळ पाना पडला होता.

"किती वेळा मारलं?"

"एकदा."

"तो काय करत होता तेव्हा?"

त्याने माझ्या वहीकडे पाहिले. मग म्हणाला, "पाठ फिरवून चालला होता साहेब. मागून मारलं मी."

हे त्याला लपवता आले असते. दुसरे कुणी पाहिलेले नव्हते आणि जखमी अजून बोलत नव्हता.

"घरी सगळं सांगितलं होतंस?"

"सोमवारीच सांगितलं. पाना विहिरीत टाकला तेही. मंगळवारी पाहुणे बसले, कोण आत गेलं तर किती शिक्षा होईल, असा त्यांनी सगळ्यांचा हिशेब मांडला. मी तरणा, धडधाकट, माझ्यावर कोर्ट दया करणार नाही. आईला पाठवलं तर लोक काय म्हणतील. अज्जांचं वय आहे, आजार आहेत, आपणहून गेले तर कोर्ट सोडूनही देईल. आणि दवाखान्याचं कुणाला बोलू नकोस म्हणाले, त्यानं तू तिथं होतास हे सिद्ध होतं."

"आणि तू गप्प बसलास."

"बसलो," तो म्हणाला.

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. मी त्याला तसे सांगितले, वकील घे म्हटले. विचार करायला वेळ मिळाल्यावर त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब दिला. विहिरीतला पाना त्याने पंचांसमोर दाखवला, विहिरीत उतरणाऱ्या माणसांनी तो काढला. अज्जांबद्दल मी वरिष्ठांना लेखी अहवाल दिला. त्यांना समज देऊन सोडण्यात आले.

शिक्षा न्यायाधीश ठरवतात, पोलीस नाही. पण न्यायाधीशांना जे दिसते त्यातले बरेचसे आम्ही लिहिलेल्या कागदांतून दिसते. म्हणून गंभीर गुन्ह्याच्या तपासात मी वहीची समोरासमोरची दोन पाने वापरत असे. डावीकडे शिक्षा वाढवू शकणाऱ्या गोष्टी, उजवीकडे कमी करू शकणाऱ्या. हत्यार घरून आणले की जागेवर सापडले, वार किती, पूर्वीचा गुन्हा आहे का, समोरचा निःशस्त्र होता का, कायमची इजा झाली का. एका पानाशी मैत्री करायची नाही, हा माझा नियम. आरोपीचा राग आला की डावे पान भरत जाते, दया आली की उजवे. दोन्ही वेळा तपास बिघडतो.

या प्रकरणात डावे पान जड होते. निःशस्त्र माणूस, पाठमोरा. पुढे निष्पन्न झाले की त्याच्या डाव्या कानाचे ऐकणे कायमचे गेले. हत्यार विहिरीत टाकले, दवाखान्यात खोटे नाव दिले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढे जाऊ दिले. हे मी सगळे लिहिले. उजवीकडे लिहिले की हत्यार त्याने आणले नव्हते, वार एकच, पूर्वीचा गुन्हा नाही, तासाभराच्या आत दवाखाना, आणि रक्त.

जखमी शुद्धीवर आल्यावर मी त्याचा जबाब घ्यायला गेलो. बायको उशाशी बसली होती. रक्त कुणी दिले हे तिला तिथेच कळले.

तिने नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "रगत दिलं म्हनून मारल्यालं फिटतं का?"

"फिटत नाही, ताई. पण लिहावं लागतं."

"मग माझ्या मालकाचा कानबी लिवा."

"तो आधीच लिहिलाय."

खटला चालला. न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नाचा आरोप मानला नाही. ज्याला जीवच घ्यायचा आहे तो माणसाला उचलून दवाखान्यात नेत नाही, असे न्यायाधीशांनी निकालात म्हटले. पण घातक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा सिद्ध झाला. दोष ठरल्यावर शिक्षेबाबत दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतात. सरकारी वकिलांनी माझ्या डाव्या पानावरचे मुद्दे मांडले, बचावाच्या वकिलांनी उजव्या पानावरचे. डॉक्टरांच्या साक्षीत एक वाक्य होते की अर्धा तास उशीर झाला असता तर जखमी वाचला नसता. न्यायाधीशांनी ते वाक्य दोनदा वाचले. मग त्यांनी आरोपीला विचारले, काही सांगायचे आहे का. तो म्हणाला, "चार दिवस मी गप्प बसलो, त्याची मला लाज वाटते." दुसरे काही बोलला नाही.

तीन वर्षे सक्तमजुरी आणि जखमीला भरपाई. शाळेतली नोकरी गेली ती गेलीच.

कोर्टाच्या आवारात पोलीस गाडी येईपर्यंत थांबावे लागले. लिंबाच्या झाडाखाली अज्जा उभे होते. मला पाहून जवळ आले.

"साहेब, एक इचारू? मी आत गेलो आसतो तर किती झाली आसती?"

नुसता दिलासा देऊन चालणार नव्हते. "नक्की कुणीच सांगू शकत नाही, अज्जा. पण तीनपेक्षा जास्त होण्याचीच शक्यता होती."

"वय बघूनबी?"

"वय बघूनही. कागदावर काय राहिलं असतं ते बघा. मारणारा मागून मारून निघून गेला. पडलेल्याला भलत्याच कुणा वाटसरूनं उचललं. रक्त दिलं तेही त्यानंच. यातलं काहीच तुमच्या नावावर लागलं नसतं, कारण तुम्ही ते केलंच नव्हतं. आणि तो आता कोर्टात जे बोलला, ते तुम्ही कुठून बोलणार होता?"

"म्हंजी पावण्यांनी हिशेब चुकवला."

"अर्धा बरोबर होता. वय, आजार, पहिला गुन्हा, कोर्ट हे सगळं बघतं. पण ज्याचं त्याचंच बघतं. मारल्यावर जे त्यानं केलं तेच त्याच्या सगळ्यात कामाचं होतं, आणि तेच तुम्ही झाकायला निघाला होता."

"कमी-जास्त तुमी बघा साहेब," अज्जा म्हणाले. "मला पोरगं घरात पायजे हुतं. माझा हिशेब तेवढाच हुता."

गाडी आली. पुतण्याने चढताना वळून त्यांच्याकडे पाहिले. अज्जांनी हात वर केला आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो खाली घेतला नाही. त्यांना ती किती लांबपर्यंत दिसली असेल, मला माहीत नाही.

या प्रकरणानंतर माझी विचारपूस करण्याची पद्धत बदलली. पूर्वी मी आरोपीला विचारत असे, का मारलंस, कशानं मारलंस, किती वेळा. त्यात मी एका प्रश्नाची भर घातली: मारल्यानंतर पहिल्यांदा काय केलंस? बहुतेकांना हा प्रश्न अपेक्षित नसतो. कुणी सांगतो, पाणी पाजले. कुणी सांगतो, रिक्षा शोधायला धावलो. कुणी म्हणतो, घरी जाऊन जेवलो. माणूस हात उगारतो तेव्हा त्याचे भान सुटलेले असते, पण त्यानंतरची दहा मिनिटे त्याच्या हातात असतात. त्या दहा मिनिटांत त्याने काय केले, हे कुणीतरी विचारून लिहून ठेवले नाही, तर पुढे कितीही चांगला न्यायाधीश असला तरी त्याला ते दिसणार नाही. आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काहीच नसते, ते खाली बघून गप्प राहतात. तेही मी लिहून घेत असे.